पहिली पायली

यंदा हंगामाच्या सणाला शिरूरला गेले होते. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. त्या रविवारी उपासनेला येताना प्रत्येक जण घरचं काहीतरी घेऊन येतो. ज्वारीची कणसं, पायलीभर गहू, भोपळा, नारळ, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. कुणाला त्या साली बरे दिवस आले असतील तर बोकडसुद्धा. वेदीपुढे ढीग लागतो, पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि उपासना संपली की बाहेर मांडवात लिलाव. पाच रुपयांचं लिंबू दोनशेला जातं, घेणारा ते परत देतो, मग ते पुन्हा दीडशेला जातं! जमलेले पैसे मंडळीच्या कामाला लागतात.

तर या लिलावाच्या गोंधळात माझा भाचा शेजारी येऊन बसला. वय वर्षं तेरा. या वयात मुलांना उत्तरं नको असतात, आपल्याला अडकवायचं असतं. म्हणाला, "आत्या, शब्बाथ शाळेत सर म्हणाले की जुन्या करारातली सगळी अर्पणं ही ख्रिस्ताची छाया होती. तो आला, छाया संपली. मग आपण ही कोंबडी कशाला आणली?"

मी म्हटलं, "गप बस, लिलाव चाललाय."

पण प्रश्न काही गप बसेना. परत पुण्याला येईपर्यंत डोक्यात तोच. कारण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा येऊन गेला होता, जरा वेगळ्या कपड्यांत. तेव्हा तो आजीला विचारला गेला होता, आणि तिला त्यावरून रडू आलं होतं असं आई सांगायची.

गोष्ट अशी. आजी पक्की ख्रिस्ती. अक्षरओळख मोठेपणी झालेली, पण स्तोत्रं तोंडपाठ. खळं झालं, ज्वारी घरात आली की ती पहिली पायली बाजूला काढायची. त्यातली अर्धी मंडळीला जायची. आणि अर्धी? अर्धी जायची शिरूरच्या कॅम्पातल्या एका साहेबाच्या थडग्यावर. हे कुणीतरी पाळकांच्या कानावर घातलं. मग घरी येऊन त्यांनी आजीला समजावलं, नंतर खडसावलं. आजीने ऐकून घेतलं, दुसऱ्या वर्षापासून थडग्यावर जाणं बंद केलं. पण तिचं म्हणणं तिने सोडलं नाही. "धान्य घरात आलं की पहिली मूठ कुणाला तरी दिल्याबगर घशाखाली उतरत न्हाई." एवढंच ती म्हणायची.

आता ते थडगं कुणाचं, ते सांगते. घोडनदीच्या काठचं शिरूर ही एके काळी इंग्रजांची मोठी छावणी होती. अजूनही जुनी माणसं गावाला घोडनदीच म्हणतात. तिथे कर्नल विल्यम वॉलेस नावाचा अधिकारी होता, ७४व्या पलटणीतला, १८०३ च्या असईच्या लढाईत लढलेला. १८०९ च्या मे महिन्यात तो शिरूरलाच वारला आणि तिथेच पुरला गेला. इथवर काही विशेष नाही, अशी साहेबांची थडगी दख्खनभर आहेत. विशेष हे की लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवलं. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की शिरूर आणि आसपासच्या गावांतले हिंदू या थडग्याला भजतात, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य आणतात. सरकारी कागदात ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी उडालेच. आजीने हे काही मनाने काढलेलं नव्हतं. ती फक्त आपल्या भागाची रीत पाळत होती.

म्हणजे बघा, साहेब ख्रिस्ती, पूजा हिंदू, आणि नैवेद्य नेणारी आमची आजी पुन्हा ख्रिस्ती! असो.

आता लेवीय उघडू या. पवित्र शास्त्राचं हे तिसरं पुस्तक म्हणजे नेमाने शास्त्र वाचायला बसलेल्या माणसाची परीक्षा. उत्पत्ती आणि निर्गम भराभर होतात, गोष्टीच आहेत. लेवीय आलं की गाडी रुतते. चरबी कुठली जाळायची, रक्त कुठे शिंपडायचं, मांडी कुणाला द्यायची... शहरातला माणूस इथे पुस्तक मिटतो. पण शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला यातलं बरंचसं कळतं, कुणी न शिकवता कळतं.

सुरुवातीच्या प्रकरणांत पाच अर्पणं आहेत. होमार्पण म्हणजे सगळंच्या सगळं जाळायचं, माणसाने त्यातलं काही खायचं नाही. अन्नार्पणात जनावर नाही. पीठ, तेल, धूप, आणि मीठ हवंच. खमीर आणि मध मात्र चालत नाही. शांत्यर्पणातला एक भाग वेदीवर, एक याजकाला, आणि उरलेलं अर्पण करणाऱ्याने घरच्यांबरोबर बसून खायचं. आपल्याकडच्या कंदुरीची आठवण येते ना? मग पापार्पण, आणि पाचवं दोषार्पण. हे दोषार्पण मला फार आवडतं. कुणाला फसवून काही घेतलं असेल तर आधी ते परत करायचं, वर त्याचा पाचवा हिस्सा घालायचा, आणि मग मेंढा घेऊन देवापुढे यायचं. माणसाचा हिशेब चुकता केल्याशिवाय देवाकडे खातं उघडत नाही!

आणखी एक नियम तर आमच्या दुष्काळी भागासाठीच लिहिल्यासारखा आहे. पापार्पणाला मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे आणा. तेही जमत नसेल तर थोडं पीठ आणा. गरिबाचं पीठ आणि श्रीमंताची मेंढी, क्षमा तीच. येशूच्या जन्मानंतर मरियेने मंदिरात काय नेलं ते लूकने लिहून ठेवलंय. गरिबाचं अर्पण, पाखरांची जोडी.

आणि तेविसाव्या प्रकरणात पहिल्या पेंढीचा नियम येतो. पीक कापायला घेतलं की पहिली पेंढी याजकाकडे आणायची, त्याने ती परमेश्वरापुढे ओवाळायची. ओवाळणं हा शब्द मराठी शास्त्रात आला आणि काय गंमत झाली, ती क्रिया एकदम आपल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती पेंढी ओवाळून होईपर्यंत नव्या धान्याची भाकरी खायची नाही, भाजलेले दाणे खायचे नाहीत, कोवळी कणसंसुद्धा नाहीत. म्हणजे हुरडा बंद! आमच्याकडे माघात शेतात आगटी पेटल्यावर कुणी असा नियम काढला तर दंगल होईल. पण आजीला तो आवडला असता. तिचा घास उतरत नव्हता तो याच कारणाने.

आता सरांच्या "छाये"कडे येते.

हा शब्द सरांचा नाही, नव्या कराराचाच आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सगळी मांडणीच त्यावर आहे. जुना याजक रोज उभा राहतो, तीच अर्पणं पुन्हा पुन्हा करतो. पुन्हा करावी लागतात याचाच अर्थ त्यांनी काम पुरतं होत नाही. ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केलं आणि तो बसला. उभा आणि बसलेला, रोज आणि एकदाच, एवढ्या दोन जोड्यांत त्या पत्राने आपलं म्हणणं सांगितलं आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूला देवाचा कोकरा म्हटलं. पौलाने त्याला आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हटलं. (वल्हांडण हा शब्द तरी किती छान! वलांडणे म्हणजे ओलांडून जाणे. मिसर देशात मृत्यूचा दूत ज्या चौकटींवर कोकराचं रक्त होतं ती घरं ओलांडून गेला, त्याचा हा सण.) आणि त्याच पौलाने करिंथकरांना लिहिताना पुनरुत्थान झालेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटलं. पहिली पेंढी शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी ओवाळायची असते, आणि येशू उठला तो दिवस रविवारचा. पेंढी एक, पण ती आली म्हणजे मागचं अख्खं शेत येणार याची ती खूण. मेलेल्यांच्या बाबतीत पौलाला हेच म्हणायचं होतं.

म्हणजे अर्पणं हा नमुना आणि ख्रिस्त हा खरा माल, असं हे वाचन आहे. दोन हजार वर्षं ते चालू आहे. आपल्या भाषेतही ते जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रचलेलं आणि १६१६ साली छापलेलं 'क्रिस्तपुराण' दोन भागांत आहे. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं ख्रिस्ताचं. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांना आपली पुराणं सुटल्याची हळहळ होती, त्यांच्यासाठी त्याने ओवीत हे लिहिलं. पहिलं पुराण सगळं वाट पाहण्याचं, दुसरं आल्याचं. तुकोबांच्या काळातली ही मराठी आहे, हे लक्षात घ्या.

पण या वाचनाला एक खोड आहे, तीही सांगायला हवी. एकदा सावल्या दिसायला लागल्या की सगळीकडेच दिसतात. दर्शनमंडपाची प्रत्येक खुंटी, प्रत्येक कडी, प्रत्येक पडद्याचा रंग म्हणजे ख्रिस्ताचा काहीतरी गुण, अशी प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ही खोड नवी नाही. बर्णबाच्या नावावर असलेल्या एका फार जुन्या पत्रात अब्राहामाच्या ३१८ सेवकांचा अर्थ लावलाय. ग्रीकमध्ये अक्षरांनीच आकडे लिहीत, तर ३१८ लिहायला लागणाऱ्या अक्षरांत येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि क्रुसाच्या आकाराचं एक अक्षर येतं म्हणे! अब्राहाम बिचारा हिब्रू बोलणारा, त्याला ग्रीक आकड्यांशी काय देणंघेणं? मी स्वतःपुरता एक नियम केलाय. ज्या छायेकडे नव्या कराराने स्वतः बोट दाखवलंय तेवढी घ्यायची. बाकीची सावली झाडाची समजायची.

आता एक कठीण गोष्ट.

लेवीयाच्या सोळाव्या प्रकरणात प्रायश्चित्ताचा दिवस येतो. दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वरासाठी मारायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकाने हात ठेवायचे, सगळ्या लोकांची पापं कबूल करायची, ती त्याच्या डोक्यावर घालायची, आणि त्याला रानात सोडून द्यायचं. हे वाचलं की मला मरीआईचा गाडा आठवतो. मी पाहिलेला नाही, ऐकलेला. पटकी आली की गावोगाव हा गाडा निघायचा. छोट्या लाकडी गाड्यात देवी, हिरव्या बांगड्या, खण, लिंबं, भात. वाजतगाजत गाडा गावच्या शिवेवर न्यायचा आणि शिवेपलीकडे सोडून मागे न बघता परत यायचं. पलीकडचं गाव तो पुढच्या शिवेवर नेणार. रोग गेला, पण गेला कुठे? शेजारच्या गावात.

या असल्या कामात कोण पुढे असायचं ते सांगायला नको. मेलेलं ढोर ओढायचं, रेडा धरायचा, गाव ज्याला हात लावत नाही त्याला हात लावायचा. आमची माणसं. अमेरिकन मराठी मिशनचं काम शिरूरला १८४० च्या दशकात सुरू झालं. त्या मिशनकडे नगर-पुणे भागात जे आले त्यांत बहुसंख्य महार आणि मांग होते. गावाची घाण आणि गावाचं भय, दोन्ही वाहून वेशीबाहेर नेणं हा ज्यांच्यावर लादलेला धर्म होता, अशी ही माणसं. स्वतःही वेशीबाहेर राहणारी.

इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या प्रकरणात एक तुलना आहे. पापार्पणाच्या जनावरांची शरीरं छावणीबाहेर जाळली जात, म्हणून येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसलं. मराठीत तिथे 'वेशीबाहेर' हाच शब्द आहे. यरुशलेमेच्या वेशीबाहेर! युरोपातल्या पंडितांनी या वाक्यावर खूप लिहिलं असेल. पण आमच्या पणजोबांच्या पिढीला तो शब्द ऐकताना काय वाटलं असेल, ते कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. देव आपल्या वस्तीत येऊन मेला, असंच त्यांना वाटलं असणार. आणि तो बकरा नव्हता, गाडा नव्हता. त्याने रोग शेजारच्या गावाला दिला नाही, आपल्यावर घेतला आणि तिथेच संपवला. छायेच्या वाचनातलं मला कळलेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे.

इथे थांबून दुसरी बाजू मांडायला हवी, नाहीतर तो अन्याय होईल. ही अर्पणं मुळात ज्यांची, त्या यहुद्यांना हे वाचन मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने लेवीय हे कुणाची सावली नाही, ते स्वतःच उजेडात उभं आहे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेचं मंदिर पाडलं आणि अर्पणं थांबली. त्यानंतर त्यांच्या गुरूंनी प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांना त्या जागी आणलं. बाराव्या शतकातला त्यांचा थोर तत्त्वज्ञ मैमोनिदेस तर म्हणतो की भोवतालच्या लोकांच्या सवयी एकदम सुटणार नाहीत म्हणून देवाने अर्पणं राहू दिली, हळूहळू प्रार्थनेकडे नेण्यासाठी.

आणि हे यहुदी कुठे लांब नाहीत, मराठी बोलणारेच आहेत. कोकणातले बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे. त्यांच्याकडे मलिदा नावाचा विधी असतो. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, फळं असं ताटात मांडून एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना करायची. नवस फिटला, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यासाठी आवर्जून जातात, तिथल्या खडकावर एलियाचा स्पर्श झाला अशी श्रद्धा आहे. बेने इस्रायली अभ्यासकांनी याचा संबंध लेवीयातल्या अन्नार्पणाशी जोडला आहे. मंदिर पडून एकोणीस शतकं झाली, वेदी नाही, याजक नाही, आणि अन्नार्पणाची आठवण कोकणी पोह्यांत शिल्लक! त्यांना जाऊन "ही तुमची सावली होती" असं सांगायचा अधिकार मला नाही. मी एवढंच म्हणू शकते की त्याच पुस्तकात मला अमुक दिसतं.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक वाद झाला. कलकत्त्याचे कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ साली 'आर्यन विटनेस' हे पुस्तक लिहून असं मांडलं की वेदांतला स्वतःचा यज्ञ करणारा प्रजापती हीदेखील ख्रिस्ताचीच पूर्वछाया आहे. बऱ्याच हिंदूंना ते आगाऊपणाचं वाटलं, बऱ्याच मिशनऱ्यांना धोक्याचं. मला प्रश्न पडतो तो जरा खालच्या पायरीवरचा. वेदातल्या यज्ञाचं राहू द्या, आजीच्या अर्ध्या पायलीचं काय?

याचं उत्तर शोधताना मी शिरूरहून निघून दौंड तालुक्यात पोचते. अगदी खरंखुरं पोचते, कारण सणानंतर दोन दिवसांनी मी न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याने केडगावला गेले. भीमा ओलांडली की उसाचं राज्य. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिचा एक धागा अर्पणाचा आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, गंगामूळचे. मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थं करत हिंडलं. पुराण सांगायचं, मिळेल ते दानधर्मात घालायचं, उपास, जप, स्नानं. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत हे सगळं सांगितलंय. जवळचं सगळं संपेपर्यंत दिलं, आणि मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराला थोड्या काळात वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई सोळा वर्षांच्या. विचार करा, मंडळी. या मुलीने घरातून देवाला किती गेलं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि परत काय आलं तेही.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्या स्वतःच म्हणतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला, आठ-एक वर्षांनी. आपण काही करून, काही देऊन देवाला पोचायचं ही वडिलांच्या घरची सवय बाप्तिस्म्याने गेली नव्हती. "एकदाच" या शब्दाचं वजन त्यांना त्यानंतर कळलं. माझ्या मते ते त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं असेल.

आणि त्यांनी केलं काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या आणि केडगावच्या माळावर ठेवल्या. ज्या भुकेने आई-बाप नेले त्या भुकेच्या तोंडातून शेकडो पोरी ओढून काढल्या. हे अर्पणच. फक्त दिशा बदललेली. देवाला वर चढवायचं ते आता आडवं, माणसाकडे जातं.

मग त्यांनी पवित्र शास्त्राचं भाषांतर हाती घेतलं. मराठी शास्त्र आधीपासून होतं, पण खेड्यातल्या बाईला कळेल असं त्यांना हवं होतं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सुमारे अठरा वर्षं हे काम चाललं. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवले, छापलं, बांधलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. पूर्ण शास्त्र १९२४ ला बाहेर आलं.

केडगावच्या आवारात उभी राहून मी लेवीयाचाच विचार करत होते. सत्तावीस प्रकरणं त्यांनी मूळ हिब्रूतून एकेक करून मराठीत आणली असणार. 'कोरबान' हा अर्पणाचा हिब्रू शब्द, आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे जवळ येणे. काही देणं, काही सोडणं असा नाही. जवळ आणणं. मेंढीचा नियम, पारव्यांचा नियम, मग ज्याच्याकडे पारवेही नाहीत त्याचा पिठाचा नियम... शेजारच्या खोलीत खिळे जुळवणाऱ्या कितीतरी बायका दुष्काळात पिठाला महाग झालेल्या. त्या नियमाशी पोचल्यावर रमाबाईंची लेखणी थोडी थांबली असेल का? माझी थांबली असती.

परत येताना मला भाच्याला द्यायचं उत्तर सापडलं. लेवीयातली अर्पणं नीट पाहिली तर त्यांत दोन वेगळे धागे आहेत. एक भीतीचा. पाप झालंय, काहीतरी मरायला हवं, काहीतरी वेशीबाहेर जायला हवं. दुसरा आभाराचा. पीक आलंय, तुझं आहे, आधी तुला. ख्रिस्ती वाचनाप्रमाणे पहिला धागा क्रुसावर तुटला, एकदाच, कायमचा. आता कुणाच्या नावाने रक्त नको, गाडा नको, पुण्याचा हिशेब नको. पण दुसरा तुटलेला नाही. त्याच इब्री पत्रात, "एकदाच"चा एवढा घोष केल्यावर, शेवटी शेवटी वाचकांना सांगितलंय की देवाची स्तुती करा, चांगलं करा, आपल्यातलं दुसऱ्याला द्या, या अर्पणांनी देवाला संतोष होतो. अर्पण हा शब्दच पत्राने टाकून दिलेला नाही. त्यातलं भय काढून तो परत आपल्या हातात दिलाय.

भाच्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कोंबडी चालेल?"

"चालेल," म्हटलं. "भीतीने आणली नसशील तर."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "पप्पांनी आणली होती. लिलावात आपणच परत घेतली आणि खाल्ली." शांत्यर्पण! म्हटलं, बरोबर आहे बाबा, अगदी लेवीयाप्रमाणे.

राहिली आजी. पाळकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. थडग्यातल्या साहेबाने पीक राखावं, नाहीतर तो कोपेल, असा भाव तिथे होता, आणि आजीच्या मनातही तो थोडाफार असेल. ते भय सुटायलाच हवं होतं. पण तिला खडसावताना तिच्या हातातली मूठही चुकीची ठरवली गेली, आणि तिचं रडू त्याचं होतं असं मला आता वाटतं. पायली चूक नव्हती, पत्ता चुकला होता. एवढं तिला कुणी शांतपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

थडग्यावर जाणं बंद झाल्यावर तिच्या त्या अर्ध्या पायलीचं काय व्हायचं, हे मी आईला एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, खळ्यावर जी पहिली वाटसरू बाई येईल तिच्या पदरात आजी ती ओतायची. ती कोण, कुठल्या जातीची, कुठल्या देवाची, काही विचारायची नाही. आणि मग घरी येऊन नव्या ज्वारीची भाकरी टाकायची.

शिरूरच्या आणि दौंडच्या नातेवाइकांपैकी कुणाला आजीच्या या सवयीबद्दल आणखी काही आठवत असेल तर जरूर कळवा. आमच्याकडची शेती आता विकली गेली आहे. पण पुढच्या हंगामाच्या सणाला मी बाजारातून का होईना, पायलीभर ज्वारी घेऊन जाणार आहे. अर्धी मंडळीला. उरलेल्या अर्धीचा पत्ता रस्त्यात सापडेल.